भंडारा लावलेला फोटो

सोलापूर
९ नोव्हेंबर

ती. आप्पांना सुकन्याचा सा. न. वि. वि.

परवाच्या लग्नात अंतरपाट खाली आला आणि कॅमेऱ्याचा आरसा वरच अडकला. डोळ्यासमोर काळोख. अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, नवरीनं मान वर केली, आणि मी नुसती बटण दाबत राहिले. दाक्षायणीनं मला कोपरानं बाजूला सारलं आणि स्वतःच्या फोनवर फोटो घेतले. मी बॉडीला तळहातानं थोपटलं तेव्हा कुठे आरसा खाली आला. तोवर हार घालून झाले होते.

मुलीकडच्यांना अजून माहीत नाही. दाक्षायणी म्हणते, फोनचे फोटो बरे आले आहेत, सांगायचं कशाला. मी म्हणते, अल्बम हातात पडल्यावर कळेलच. स्टुडिओत दोन दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोलतो आहोत.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि दादाला सांगितलेलं तुमच्यापर्यंत पोचताना निम्मं गळतं. म्हणून सविस्तर लिहिते. कॅमेरा म्हणजे दोन वस्तू. मागचा डबा ती बॉडी, अडकणारा आरसा तिच्यातच असतो, आणि पुढचं भिंग ती लेन्स. आमच्याकडे एकच बॉडी आहे आणि ती आता म्हातारी झाली आहे. लेन्स दोन होत्या. लांबून चेहरा टिपायची होती ती दिवाळीआधीच बिघडली. उरली ती जवळची. आपल्या राघू मेंढ्याचा फोटो मी तिनंच काढला. त्यानं काचेवर श्वास सोडला होता आणि ती तुमच्या पटक्यानं पुसली होती, आठवतं ना?

आता एकच वस्तू घेता येईल, बॉडी किंवा लेन्स. हप्त्यावर काही घ्यायचं नाही हे आम्ही दोघींनी स्टुडिओ उघडला त्याच दिवशी ठरवलं होतं. सीझनमध्ये भाड्यानंही काही मिळत नाही. पुढचं मोठं लग्न महिनाअखेरीला आहे. दाक्षायणी बॉडी म्हणते. तिचं बरोबरही आहे. मला ठरवता येत नाही.

राघूचा फोटो दादानं कुणाकुणाला दाखवला ते कळवा. आईला म्हणावं, गुडघ्याला तेल लावून घे, नुसती बाटली उशाशी ठेवून गुडघा बरा होत नाही. डबा महेश्वर कंडक्टरकडे दिला आहे, त्यात शेंगाचटणी आहे.

तुमचा हात डोक्यावर आहे असं धरून चालते.

सुकन्या


मंगळवेढा
१२ नोव्हेंबर

चि. सुकन्यास आप्पाचा आशीर्वाद.

पत्र आन चटणी मिळाली. महेश्वरानं डबा उघडलेला दिसतोय, वर बोटाचा खड्डा हाय. त्याला मी काय म्हणलो न्हाय. पत्र आणतो ते काय कमी हाय.

तुझ्या दोन वस्तूंचा मी इचार केला. कळपातला मेंढा तीन-चार वर्सानं बदलावा लागतो, न्हायतर रक्तात रक्त मिसळतं. मेंढ्या ऱ्हातात. आता तुझ्यात मेंढा कुटला आन मेंढ्या कुटल्या ते मला समजंना. जे ऱ्हातं ते चांगलं घ्यावं, बाकीचं चालवून न्यावं. ह्ये माझं शेळ्यामेंढ्यातलं बोलणं हाय, तुमा पोरींच्या धंद्याला लागू पडंल का न्हाय ते तुमी बघा.

आता माझी बातमी. राघू वीरभद्रप्पाकडं जाणार.

तुला ठाव हाय, ज्या साली रोगानं आपला मेंढ्यांचा वाडा रिकामा झाला, त्या साली हा माणूस अक्कलकोटाच्या पलीकडनं मेंढ्या घेऊन आला, आपल्या वाड्यात सोडल्या आन चा पिऊन गेला. किती, कवा परत, काय बोलला न्हाय. तवापास्नं त्यानं माझ्याकडं काय मागितलं न्हाय. आता पयल्यांदा मागितलं. त्याला कळपात घालायला मेंढा पायजे, आन तो वाकल्या नाकाचा पायजे. बदल्यात त्याच्या कोवळ्या पाटी, आजून न व्यालेल्या मेंढ्या, तो आपल्याला देतोय.

त्याचा पाय मोडलाय. त्याला हितं येता येईना. म्हणून मी आन तुझा मल्हारदादा तुझा फोटो मोठा करून घेऊन गेलो. त्यानं तो उन्हात धरला. बायकोला हाक मारली, रुद्राणी बघ म्हणला. म्हणला की असलं राघूच्या चोचीसारखं वाकलेलं नाक बापाच्या कळपात होतं, त्याच्यानंतर आज बघतोय.

जनावर समोर नसलं तर आपल्यात भंडारा लावत न्हाईत. पण त्यानं फोटोच मांडीवर घेतला आन अंगठा बुडवला. मग मीबी लावला. एकदा भंडारा पडला की ना देणाऱ्यानं मागं फिरायचं, ना घेणाऱ्यानं. चंपाषष्ठी झाली की शनवारी राघूला पोचवायचं ठरलंय. फोटो त्यानं माझ्याकडंच दिला, जनावरासंगं घेऊन ये म्हणला. देवापाशी ठेवलाय.

तुझ्या हातचा फोटो हाय ह्ये मी त्याला दोनदा सांगितलं.

पोरीनं येळेवर जेवावं एवढंच मागणं.

सिद्धाप्पा


सोलापूर
१५ नोव्हेंबर

दादास सुकन्याचा नमस्कार.

हे पत्र आप्पांना दाखवू नकोस. आधी तू वाच.

आप्पांचं पत्र मी दाक्षायणीला वाचून दाखवलं. तिनं राघूचा फोटो मागितला. मी टेबलावर ठेवला. ती हसली आणि म्हणाली, असल्या नाकासाठी आपण नवऱ्या मुलींची माफी मागतो. मग तिचं हसणं थांबलं, कारण मी हसले नव्हते.

जवळच्या लेन्सनं हातभर अंतरावरून चेहरा टिपला की जे पुढे असतं ते फुगतं. नाक मोठं होतं, कान मागे पळतात. म्हणून नवरीच्या इतक्या जवळ आम्ही कधी जात नाही. राघूच्या जवळ मी गेले. तू त्याला धरून जवळ ये, अजून जवळ ये म्हणत होतास, आणि मी येत गेले. मेंढ्याच्या बाबतीत हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चेहरा म्हटलं की मला माणसाचाच आठवतो.

तू आता एक कर. फोटो घेऊन राघूसमोर उभा राहा, चार पावलं मागे सरक, आणि दोन्ही बघ. राघूचं नाक चांगलं आहे. पण फोटोतलं नाक त्याचं नाही.

भंडारा त्या फोटोला लागला आहे. वीरभद्रप्पांनी फोटो पाहून शब्द दिला, आप्पांनी माझ्या भरवशावर दिला. राघू तिथे पोचायच्या आत आप्पांना हे कळलं पाहिजे. त्यांच्या कानाशी बसून तू सांग. पत्रात वाचण्यापेक्षा ते बरं.

तुझ्यावर सोपवते. वहिनीला नमस्कार.

सुकन्या


मंगळवेढा
१८ नोव्हेंबर

सुकन्यास मल्हारचा आशीर्वाद.

फोन उचलत न्हाईस म्हणून लिहितोय. शाळा सुटल्यापास्नं पेन धरलं न्हवतं, ते तुझ्यापायी धरलं, तेबी असल्या कामाला.

तू म्हणलीस तसं चार पावलं मागं सरून बघितलं. फरक हाय. मग?

वीरभद्रप्पाच्या पाटी काल टेम्पोनं आल्या. शनवारपतूर त्यानं वाट बघितली न्हाय, आधीच पाठवल्या. आईनं त्यांच्या गळ्यात काळा दोरा बांधला. आप्पा सकाळपास्नं वाड्याच्या काटीला धरून उभा हाय, जेवायला बोलवलं तरी हलंना. मी त्याच्या कानाशी बसून आता काय सांगू?

जनावर बाजारात न्यायचं म्हणलं की लोक धुतात, शिंगाला तेल लावतात, लोकर अशी कातरतात की वाकडी पाठ सरळ दिसती. करमाळ्याच्या बाजारात जाऊन बघ. कोन कुणाला जाऊन सांगतंय? घेणाऱ्याला डोळं असतात. वीरभद्रप्पा काय आंधळा न्हाय. आन भंडारा पडल्यावर तो एक शबुद बोलणार न्हाय, एवढा तो माणूस हाय.

आन तू लई सत्याची लागून गेलीस. तुमी फोटूत नवरीला गोरी करता, तिच्या बापाचं टक्कल झाकता, तवा सत्य कुटं जातं गं? गावात जेवायला?

आप्पाला सांगितलंस तर तो काय करंल तुला ठाव हाय. पटका बांधंल आन चालत सुटंल. त्या माणसाच्या दारात जाऊन खाली मान घालून उभा ऱ्हाईल. ज्यानं आपला वाडा भरला त्याच्या दारात. ह्या वयात त्याला तसं उभं करायचं असंल तर कर.

माझं ऐक. बॉडी घे. दाक्षायणी शानी पोरगी हाय, तिचं ऐक. लेन्स-बिन्स घेऊन तुझं डोकं आजून बिघडंल.

राग धरू नको. पण फोन उचल.

मल्हार


सोलापूर
२० नोव्हेंबर

दादास सुकन्याचा नमस्कार.

नवरी मांडवात सगळ्यांसमोर उभी असते. फोटो कितीही गोरा येवो, त्याआधी लोकांनी तिला पाहिलेलं असतं. वीरभद्रप्पांनी राघूला पाहिलेलं नाही. घेणाऱ्याला डोळे असतात म्हणतोस, पण त्यांच्या डोळ्यांसमोर आपण फोटो धरला.

ते एक शब्द बोलणार नाहीत हे मलाही ठाऊक आहे. मला त्याचीच भीती वाटते. ते राघूला ठेवून घेतील, चहा पाजतील, आणि नंतर आपल्याकडे येणं सोडतील. सणाला निरोप येणार नाही. आप्पा काठीला धरून वाट बघत राहतील आणि त्यांना कारणही कळणार नाही. ते मला त्यांच्या खाली मानेपेक्षा वाईट वाटतं.

इथेही सुख नाही. दाक्षायणी म्हणाली, जवळच्याच लेन्सनं लांब उभी राहून फोटो काढ आणि मधला तुकडा मोठा कर, नाक खरं येईल, नवी लेन्स कशाला. मी तिचाच चेहरा तसा काढून पाहिला. नाक खरं आलं, पण मोठं करताच सगळं दाणेदार झालं, नाकाची कड कुठे संपते तेच दिसेना. तिनं लगेच सांगितलं, बघ, म्हणजे बॉडीच जुनी आहे. आम्ही दोघी हसलो आणि पुन्हा आपापल्या कामाला लागलो.

दुकानदारानं दोन्ही वस्तू येत्या शनिवारपर्यंत, २२ तारखेपर्यंत, बाजूला ठेवल्या आहेत. मीही तुझ्यासाठी शनिवारपर्यंत थांबते. तोवर तू आप्पांना सांगितलं नाहीस तर दुपारच्या गाडीनं माझं पत्र त्यांच्या हातात पडेल.

फोन उचलला तर तू मला गप्प करशील. लहानपणापासून करतोस. म्हणून उचलत नाही.

तुझी धाकटी,
सुकन्या


सोलापूर
२२ नोव्हेंबर

ती. आप्पांना सुकन्याचा सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाचा. चष्मा लावा.

राघूचा जो फोटो देवापाशी आहे, त्यात राघूचं नाक आहे त्यापेक्षा जास्त वाकलेलं दिसतं. कुणी मुद्दाम केलेलं नाही. जवळची लेन्स घेऊन मी फार जवळ गेले, आणि तसं केलं की पुढचा भाग फुगतो. माणसांच्या बाबतीत मी हे सांभाळते. राघूच्या वेळी मला सुचलं नाही. तुम्ही वीरभद्रप्पांना माझ्या हातचा फोटो म्हणून सांगितलंत, म्हणून हे मलाच सांगायला हवं.

दादाला मी आधी लिहिलं होतं. त्याच्यावर रागावू नका. तुमची मान खाली जाऊ नये एवढंच त्याला वाटतं.

आज सकाळी लेन्स घेतली. लांबची. दाक्षायणीशी पुष्कळ वाद झाला. मी तिला म्हटलं, बॉडी नवी आली तरी पुढे तेच भिंग राहील आणि मी पुन्हा जवळच जाईन. तिनं तुमचं मेंढा-मेंढ्यांचं उदाहरण माझ्यावर उलटवलं. मेंढ्या राहतात हे खरं, पण मेंढाच नसेल तर या हंगामात कोकरं कुठून येणार, असं विचारलं. मी तरीही लेन्सचंच म्हणत राहिले. शेवटी तिनं अट घातली. जुनी बॉडी दुरुस्त करून चालवू, पण महिनाअखेरच्या लग्नात आरसा अडकला तर मुलीच्या वडिलांसमोर मी एकटीनं जायचं, ती येणार नाही. मी हो म्हटलं. दुरुस्ती झाली आहे. दुरुस्त करणाऱ्यानं भरवसा दिलेला नाही.

मी चंपाषष्ठीला येते. राघूचा दुसरा फोटो काढते, लांबून. पुढच्या शनिवारी जाताना तो घेऊन जा. पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा. वीरभद्रप्पांच्या पाटी आल्याचं कळलं आहे, म्हणूनच जास्त घाई करते आहे.

तुम्ही रागावलात तरी पत्राचं उत्तर द्या.

सुकन्या


मंगळवेढा
२४ नोव्हेंबर

चि. सुकन्यास आशीर्वाद.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

राघूला मी रोज चाचपतो. जन्मला त्या दिवसापास्नं. फोटो घरात आल्यापास्नं मला वाटत होतं की हाताला लागतंय त्यापरीस फोटोत ज्यादा हाय. मी काय बोललो न्हाय. कान गेलं, आता हातबी गेला असंल असं धरलं. पोरीच्या मशिनीत खरं आलं असणार, आपलाच हात चुकतोय. रोज राती त्याच्या नाकावर हात फिरवून बघायचो आन गप पडायचो.

म्हंजे हात बराबर हाय. ते एक बरं झालं.

आता दुसरं. भंडारा पडलेला फोटो मागं घेता येत न्हाय. तो फाडायचा न्हाय, लपवायचा न्हाय. दुसरा त्याच्याशेजारी ठेवायचा. दोनी घेऊन मी जाणार. तू माझ्यासंगं यायचं. काय झालं ते माझ्या तोंडून त्याला सांगतो, पण लेन्सचं मला सांगता येणार न्हाय, ते तू सांग. राघूबी टेम्पोत घालू. तो ठेवून घे म्हणला तर ठेवू. घेऊन जा म्हणला तर परत आणू आन त्याच्या पाटी त्याच्या दारात नेऊन सोडू.

मल्हार बोलत न्हाय. जेवतोय, कामं करतोय, पण बोलत न्हाय. त्याचा जीव पाटीवर बसलाय. त्याचंबी खोटं न्हाय.

रोडगं आन भरीत हाय, जेवायला ये. आन ह्या खेपेला लांब उभी ऱ्हा.

सिद्धाप्पा


अक्कलकोट तालुका
२९ नोव्हेंबर

दादास सुकन्याचा नमस्कार.

तू फोन बंद ठेवला आहेस. मी तुझ्याशी तसंच वागले होते, तेव्हा तक्रार करत नाही. हे पत्र टेम्पोवाल्याकडे देईन.

चंपाषष्ठीला राघूला धरायला तू आला नाहीस. ज्वारीत औषध मारायचं आहे म्हणून सांगितलंस. आप्पांनी त्याला धरलं. मी बांधाच्या कडेला जाऊन उभी राहिले. या वेळी जवळ ये असं कुणी म्हणालं नाही. राघू मान वळवून वळवून तुझ्या दिशेनं बघत होता, म्हणून फोटोला वेळ लागला. फोटोत त्याचे कान ताठ आहेत, ते त्यामुळे.

आज दुपारी इथे पोचलो. वीरभद्रप्पा पडवीत बाजेवर आहेत, पाय प्लास्टरमध्ये. आप्पांनी आधी पाणी घेतलं नाही. दोन्ही फोटो बाजेवर ठेवले आणि सांगायला सुरुवात केली. त्यांना वाटतं ते हळू बोलतात. सगळी गल्ली दारात आली. सिद्धाप्पाच्या मेंढ्याचं नाक फोटोत आहे तेवढं नाही, हे शेजारच्या किराणा दुकानापर्यंत ऐकू गेलं असेल. दादा, आप्पांची मान खाली नव्हती. ते सरळ वीरभद्रप्पांकडे बघत होते. मान माझी खाली होती.

मग मी लेन्सचं सांगितलं. वीरभद्रप्पा मध्येच म्हणाले की तोंडी नको, दाखव. कॅमेरा येताना सोलापुरात दाक्षायणीकडे दिला होता, म्हणून मी माझा फोन काढला. त्यांनी स्वतःचाच चेहरा पुढे केला. मी एक फोटो अगदी जवळून घेतला आणि एक अंगणाच्या पलीकडून. त्यांचं नाक मुळातच मोठं आहे. जवळच्या फोटोत ते सगळ्या चेहऱ्यावर पसरलं. रुद्राणीकाकूंनी दोन्ही बघितले आणि म्हणाल्या की लांबचा माणूस कोण आहे ते मला ठाऊक नाही, माझा नवरा हा जवळचाच, लग्न झाल्यापासून मी त्याला एवढ्याच अंतरावरून बघते आहे. गल्ली हसली. आप्पांना ऐकू आलं नाही, पण लोक हसले म्हणून तेही हसले.

वीरभद्रप्पा हसले नाहीत. राघूचे दोन्ही फोटो त्यांनी पुन्हा हातात घेतले. बराच वेळ बघितले. मग उलटे करून उशीखाली ठेवले आणि एकच शब्द बोलले, नोडोण. बघू. तेवढंच.

आप्पांनी त्यांना पाटी परत आणून देण्याबद्दल विचारलं. त्यांनी हातानंच थांबवलं आणि जेवायला वाढायला सांगितलं. जेवताना पावसाचं बोलले, चाऱ्याचं बोलले. राघूचं नाव निघालं नाही. राघू बाहेर लिंबाला बांधला आहे. त्यांच्या कळपात सोडलेला नाही. वाड्यातल्या मेंढ्या त्याला बघून ओरडतात आणि तो दोरीला ओढ देतो. टेम्पोवाला दोनदा विचारून गेला की जनावर परत न्यायचं आहे का, त्याप्रमाणे तो पेंढा ठेवेल किंवा काढेल. आप्पा त्याला म्हणाले, थांब. ते अंगणात राघूजवळ बसून आहेत.

मघाशी दाक्षायणीचा फोन आला. उद्याच्या लग्नाची आज हळद होती. आरसा दोनदा अडकला. ती रागावली नव्हती. तिनं फक्त अटीची आठवण दिली आणि उद्याचा मुहूर्त दुपारचा आहे असं सांगितलं. मी सकाळच्या पहिल्या एसटीनं निघणार आहे. लग्न लागण्याआधी मुलीच्या वडिलांना सगळं सांगेन. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ज्यांना सांगितलं नाही, त्यांच्याकडेही जायचं आहे. ते दाक्षायणीला अजून माहीत नाही.

तू म्हणालास की लेन्स घेऊन माझं डोकं बिघडेल. कदाचित बिघडलं असेल. आज मला बॉडी घ्यायला हवी होती असं तीनदा वाटलं, आणि तिन्ही वेळा ते उशीखालचे फोटो डोळ्यांसमोर आले.

आपल्या वाड्यातल्या पाटी आपल्या राहतील की नाही मला माहीत नाही. तू त्यांच्यात जीव गुंतवू नकोस असं लिहिणार होते, पण तू गुंतवला असशील. मलाही त्यातली कपाळावर पांढरा ठिपका असलेली आवडली आहे.

आईला एवढंच सांग की आप्पांनी दोन घास जास्त खाल्ले. बाकी काही सांगू नकोस.

तुझ्या रागात माझी जागा ठेव. रिकामी करू नकोस.

सुकन्या

ता. क. ३० नोव्हेंबर, सकाळ, एसटीला निघण्याआधी. वीरभद्रप्पा कुबड्या घेऊन लिंबाखाली आले. राघूच्या कपाळापासून नाकपुड्यांपर्यंत त्यांनी हात फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला. रुद्राणीकाकूंकडून भंडारा मागितला आणि राघूच्या कपाळाला लावला. आप्पांनी त्यावर आपला लावला. पहिला फोटो वीरभद्रप्पांनी माझ्या हातात परत दिला, दुसरा ठेवून घेतला. काकूंनी वाड्याचं फाटक उघडलं आणि राघू आत गेला. टेम्पो रिकामा येतो आहे.